नदीकाठचा टप्पा : रायपूर ते सिरपूर

सायकल-शर्यतींच्या भाषेत 'टप्पा' या शब्दाला एक निश्चित अर्थ आहे. पहाटे किंवा सकाळी एका गावाहून निघून त्याच दिवशी दुसऱ्या गावी पोहोचावयाचे, रात्री विश्रांती घ्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुढील गावाची वाट धरावयाची, अशा प्रवासातील एका दिवसाच्या चालीला टप्पा म्हणतात. या कल्पनेला जगभर प्रसिद्धी मिळाली ती फ्रान्समुळे. १९०३ साली 'लोटो' या क्रीडाविषयक वृत्तपत्राने आपला खप वाढविण्यासाठी संपूर्ण देशाला फेरी घालणारी एक सायकल-शर्यत योजिली. हीच 'तूर द फ्रान्स' होय. त्या पहिल्या शर्यतीत अवघे ६ टप्पे होते. परंतु एकूण अंतर २,४२८ किलोमीटर असल्यामुळे एकेक टप्पा चारशे किलोमीटरांच्या पुढेही जाई आणि स्वारांना रात्रीच्या अंधारातही सायकल हाकावी लागे. आज टप्प्यांची संख्या २१ झाली आहे व प्रत्येक टप्पा दिवसाउजेडी संपतो.

त्या पहिल्या शर्यतीचा चौथा टप्पा तुलूझहून बोर्दोपर्यंतचा, २६८ किलोमीटरांचा होता. ही दोन्ही नगरे गारोन नदीच्या काठी वसलेली आहेत. द्राक्षांचे मळे, फळबागा व लहान लहान खेडी ओलांडीत नदीच्या खोऱ्यातून उतरत जावे आणि शेवटी नदीने चंद्रकोरीसारखे वळण घेतलेल्या जागी वसलेल्या एका जुन्या बंदरात शिरावे, असा हा मार्ग आहे. नदीच्या सोबतीने ऐतिहासिक नगरात प्रवेश करणारा टप्पा सायकलस्वारांना विशेष प्रिय का असावा, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. त्यासाठी फ्रान्सला जाण्याची मात्र आवश्यकता नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीतून निघाले असताही असा एक टप्पा एका दिवसात पुरा करता येतो.

नदी आणि चढ

सायकल चालविणाऱ्यास तीन प्रकारच्या विरोधांशी झगडावे लागते : चाकांचे जमिनीशी होणारे घर्षण, हवेचा अवरोध आणि चढ. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांचे घर्षण स्वार व सायकल यांच्या एकत्रित वजनाच्या शेकडा एकाहूनही कमी असते. रस्ता शंभर मीटरांत एक मीटर चढत असेल, तर डोळ्यांना हा चढ जेमतेम जाणवतो. पण त्याने होणारा विरोध एकत्रित वजनाच्या बरोबर शेकडा एक इतका असतो. म्हणजेच दिसेल न दिसेल अशा चढानेही चाकांच्या घर्षणाइतकी किंवा त्याहून अधिक भर पडते. बैलगाडी हाकणाऱ्याला ही गोष्ट बैलांच्या पावलांवरून कळते, सायकलस्वाराला ती स्वतःच्या मांड्यांवरून कळते.

नदीचे महत्त्व येथेच आहे. मैदानातील मोठी नदी किलोमीटरमागे एखादा मीटर किंवा त्याहूनही कमी उतरते. पाण्याने हजारो वर्षे खपून शोधलेला हा मार्ग आसपासच्या प्रदेशातील सर्वांत सौम्य उतार असतो. म्हणून नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर चढ जवळजवळ नसतातच. रस्ते, कालवे आणि लोहमार्ग बांधणाऱ्यांनीही ठिकठिकाणी नदीच्या खोऱ्यांचाच आश्रय घेतला, यामागचे कारण हेच.

हवेच्या अवरोधाचा नियम निराळा आहे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला समोरून ताशी १० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर त्याच्या अंगावर येणारी हवा ताशी २५ किलोमीटर वेगाची असते आणि तिचा अवरोध जवळजवळ पावणेतीन पट होतो. नदीकाठ उघडा असल्याने तेथे वारा जोराचा लागतो. सारांश, नदी चढ चुकविते, पण वारा चुकवीत नाही. अनुभवी स्वार म्हणूनच नकाशाइतकाच वाऱ्याच्या दिशेचाही विचार करतो.

फ्रान्सने या नैसर्गिक सोयीला मनुष्याच्या श्रमांची जोड दिली. गारोनच्या बाजूने खोदलेला कालवा १८५६ साली पूर्ण झाला. त्यातील मालवाहू नावा काठावरून चालणारे घोडे दोराने ओढून नेत असत. घोडे गेले, मालवाहतूक थांबली, तरी त्यांच्या पायांखालची सपाट वाट उरली. तिच्यावरच पुढे सायकलींचा मार्ग करण्यात आला. बोर्दोत शिरणारा अखेरचा भाग तर एका बंद पडलेल्या लोहमार्गावर तयार केला असून १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोजे लापेबी याचे नाव त्याला दिले आहे. लोआर नदीच्या काठीही पुरापासून रक्षण करण्यासाठी शतकानुशतके बांधलेले बंधारे आहेत. त्या बंधाऱ्यांवरून व आसपासच्या शांत रस्त्यांवरून आज शेकडो किलोमीटर सायकलने जाता येते. जुन्या कामाचा नव्या कामासाठी उपयोग करण्याची ही रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

खारून सोडून महानदीकडे

रायपूर महानदीवर वसलेले नाही. त्याची नदी खारून. शहराच्या नैर्ऋत्येला महादेव घाटावर हाटकेश्वर महादेवाचे देऊळ आहे. ब्रह्मदेव या कलचुरी राजाच्या काळी, इ. स. १४०२ मध्ये, हाजिराज नायकाने ते बांधविले. चौबे कॉलोनीपासून हा घाट फार दूर नाही, आणि टप्प्याचा आरंभ तेथून केल्यास प्रवासाला एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंतचा आकार येतो.

चौबे कॉलोनी हे नाव रायपूरच्या मराठी कुटुंबांच्या परिचयाचे आहे, कारण येथील महाराष्ट्र मंडळ याच वस्तीत आहे. छत्तीसगढाशी मराठी माणसाचा संबंध जुना. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर जात असता रतनपुरावर आले. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रायपूरला हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी येथे स्थिरावलेली मराठी घरे राहिली. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले.

शहरातून पूर्वेकडे जाणारा हमरस्ता अजूनही जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, या नावाने ओळखला जातो. हाच पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती व नागपूर या शहरांतून येणारी हीच वाट पुढे आरंग ओलांडून ओडिशाकडे जाते. खानदेशातील किंवा वऱ्हाडातील वाचकाला हा रस्ता परका वाटू नये.

निघण्यापूर्वी, शक्य तर आदल्या दिवशी, रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय पाहून घ्यावे. १८७५ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात सिरपूर येथे सापडलेल्या कांस्यमूर्ती व शिलालेख आहेत. ज्या नगराकडे आपण जाणार, त्याची ओळख आधी झालेली असली, तर तेथील भग्न चौथरे मुके वाटत नाहीत.

रायपूर सोडल्यावर डोळ्यांना कोठेही डोंगर दिसत नाही. दोन्ही बाजूंना धानाची खाचरे, मधून मधून तलाव, तलावाच्या पाळीवर वड-पिंपळ आणि एखादे लहानसे देऊळ, असा हा प्रदेश आहे. तरीही या सपाटीवर स्वार नकळत एक जलविभाजक ओलांडीत असतो. पश्चिमेकडे पडलेले पावसाचे पाणी खारूनला मिळते, पूर्वेकडचे पाणी महानदीला. खारून पुढे शिवनाथला मिळते व शिवनाथ शिवरीनारायणच्या वरच्या अंगाला महानदीत उतरते. म्हणजे महादेव घाटावर पाहिलेले पाणी अखेर महानदीतच येते, पण सिरपूरच्या खाली, लांबचा वळसा घेऊन. सायकलस्वार त्या पाण्याच्या आधी पोहोचतो.

सुमारे ३५ ते ४० किलोमीटरांवर आरंग लागते. टप्प्याचा जवळजवळ मध्य येथे होतो, म्हणून विश्रांतीसाठी हे गाव सोयीचे आहे. येथील 'भांड देऊळ' हे जैन मंदिर तारकाकृती आराखड्यावर उभारलेले आहे. भिंतींचे कोन एकामागून एक असे बाहेर काढलेले असल्याने उन्हे सरकू लागली की त्यांवरील मूर्तींच्या छाया हलतात. आरंग येथे प्राचीन राजांचे ताम्रपटही सापडले आहेत. आपण ज्या वाटेने आलो तीच वाट दीड हजार वर्षांपूर्वी राजाज्ञा नेणाऱ्या जासुदांचीही असावी, असा विचार येथे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आरंगच्या पुढे काही किलोमीटरांवर महानदीचा पूल येतो. धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी राजिम येथे पैरी व सोंढूर यांचे पाणी घेऊन उत्तरेकडे वळते. पावसाळ्यात तिचे पात्र एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत भरते. उन्हाळ्यात मात्र विस्तीर्ण वाळवंटातून पाण्याच्या चार-दोन धारा तेवढ्या वाहतात. वरच्या अंगाला धमतरीजवळ गंगरेलचे धरण आहे. नदीत केव्हा किती पाणी असावे, हे आता केवळ पाऊस ठरवीत नाही.

पूल ओलांडल्यावर आपण नदीच्या उजव्या तीरावर येतो. तुमगाव मागे टाकून पूर्वेकडे जात राहिले असता कुहरी येथे महामार्ग सुटतो व डावीकडे सिरपूरचा रस्ता फुटतो. येथून सिरपूर सुमारे १७ किलोमीटर. टप्प्याचा हाच भाग सर्वांत रम्य होय. मोटारींची वर्दळ कमी होते, झाडी दाट होते, आणि बारनवापाराच्या अभयारण्याची चाहूल लागते. एकूण अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते. ताशी १५ किलोमीटर वेगाने पायडल मारल्यास साडेपाच तासांच्या आत हे अंतर पुरे होईल. विश्रांतीसह सात तास धरले, तर सकाळी सहाला निघालेला मनुष्य दुपारी एकपर्यंत सिरपूरला पोहोचतो.

श्रीपूर नगर

सिरपूर हे आज एक खेडे आहे. श्रीपूर या नावाने ते प्राचीन दक्षिण कोसल देशाची राजधानी होते. प्रथम शरभपुरीय राजांच्या व नंतर पांडुवंशीय राजांच्या अंमलाखाली, स्थूलमानाने इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकांत, ते भरभराटीस आले. महाशिवगुप्त बालार्जुन हा यांतील सर्वांत प्रसिद्ध राजा. त्याने पन्नासांहून अधिक वर्षे राज्य केले. तो स्वतः शिवभक्त होता, परंतु त्याच्या नगरात विष्णूची मंदिरे व बौद्ध विहार यांनाही आश्रय होता. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग कोसल देशात आला असता त्याने तेथे सुमारे शंभर विहार व दहा हजार भिक्षू असल्याचे लिहून ठेवले आहे. त्याने पाहिलेली राजधानी नेमकी कोणती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सिरपूरचे नाव त्यांत घेतले जाते.

सिरपूरचे भूषण म्हणजे लक्ष्मण मंदिर. नाव लक्ष्मणाचे असले तरी हे मूळचे विष्णुमंदिर होय. बालार्जुनाची माता वासटा हिने आपला दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधविले. दगडी जोत्यावर उभे असलेले हे देऊळ विटांचे आहे. विटा घासून एकमेकींशी अशा काटेकोरपणे बसविल्या आहेत की सांधा शोधावा लागतो. गवाक्षांचे आकार व नक्षी त्या विटांतच कोरलेली आहेत. दाराची चौकट मात्र दगडी आहे. तिच्यावर शेषशायी विष्णू व त्याचे अवतार दिसतात. वासटेच्या शिलालेखात मंदिराला दिलेल्या गावांची व त्यांच्या वाटणीची माहिती आहे. वाटा मिळणाऱ्या ब्राह्मणांचे पुत्रपौत्र वेदांगे जाणणारे असावेत, द्यूतादी व्यसनांत गुंतलेले नसावेत, अशी अट तिने घातली होती. दान कायमचे असले तरी ते घेणाऱ्याची पात्रता कायमची गृहीत धरू नये, एवढा व्यवहार त्या राणीला ठाऊक होता.

या नगराच्या शोधात मराठी संशोधकांचा मोठा वाटा आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी दक्षिण कोसलातील राजवंशांच्या लेखांचा अभ्यास करून त्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५० नंतरच्या दशकात येथे उत्खनन केले आणि आनंदप्रभू या भिक्षूने बांधविलेला विहार प्रकाशात आणला. त्या विहारात भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धाची मोठी मूर्ती आजही पाहावयास मिळते. या शतकाच्या आरंभी अरुणकुमार शर्मा यांनी उत्खनन पुन्हा हाती घेतले. तेव्हा 'सुरंग टीला' नावाच्या टेकाडाखालून उंच जोत्यावरील एक विशाल मंदिर निघाले. त्याच्या दगडी पायऱ्या आज वाकड्यातिकड्या झालेल्या दिसतात; भूकंपाच्या धक्क्याने त्या तशा झाल्या, असे उत्खनकांचे मत होते.

शेवटी नदीवर जावे. गंधेश्वराचे देऊळ महानदीच्या अगदी काठावर आहे. जुन्या वास्तूंचे स्तंभ व शिल्पे वापरून ते उभे केलेले आहे. पुलावरून ओझरती पाहिलेली नदी येथे पायांशी येते. श्रावणात खांद्यावर कावडी घेतलेले भाविक याच देवळाकडे पायी चालत येतात. चाकांवरून आलेल्या प्रवाशाने त्यांच्यासमोर आपल्या ८० किलोमीटरांचा फारसा अभिमान धरू नये.

वाट कोणासाठी?

या टप्प्याचे वर्णन वाचून कोणासही सायकल काढावीशी वाटेल. परंतु त्यातील उणीव सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. बोर्दोचा मार्ग आणि हा मार्ग यांत निसर्गाचा फरक थोडा आहे, व्यवस्थेचा फार आहे. येथे पहिली साठेक किलोमीटर वाट महामार्गावरूनच काढावी लागते. मालमोटारी व बसगाड्या भरधाव जातात, आणि सायकलस्वाराला रस्त्याची कड तेवढी उरते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या आकड्यात चालणारे व सायकलवरून जाणारेही आहेत.

शिवाय या रस्त्यावरचा सायकलस्वार हा हौशी प्रवासी क्वचितच असतो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले. छत्तीसगढात सरस्वती सायकल योजनेखाली नववीच्या वर्गातील अनुसूचित जाती-जमातींच्या व गरीब कुटुंबांतील मुलींना शासनाकडून सायकली मिळत आल्या आहेत. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. शाळा दूर असलेल्या खेड्यांत हा परिणाम अधिक होता. सायकलीने मुलीला शाळा जवळ केली. आता प्रश्न एवढाच उरतो की, ती शाळेपर्यंत सुखरूप जाईल अशी वाट तिला कोण देणार?

उत्तराचा काही भाग आपल्याजवळच आहे. नवा रायपूरच्या रस्त्यांलगत सायकलींसाठी वेगळे पट्टे आखण्यात आले आहेत. धमतरीजवळच्या रुद्री बंधाऱ्यातून निघालेले महानदीचे कालवे रायपूर परिसरातील शेतांना पाणी देतात, आणि कालवा म्हटला की त्याच्या बांधावरून देखरेखीची वाट असतेच. घोड्यांची वाट जशी फ्रान्समध्ये सायकलींची झाली, तशी पाटकऱ्यांची वाट येथे शाळकरी मुलींची, शेतमजुरांची आणि सिरपूरला जाणाऱ्या यात्रेकरूंची का होऊ नये? तिला चढ नसेल, कारण पाण्याने तो आधीच टाळलेला असेल.

तोवर हा टप्पा करू इच्छिणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी चाललेली दिसते. अंधारात निघू नये. मागे लाल दिवा व अंगावर उठून दिसणारे वस्त्र असावे. पंक्चर काढण्याचे सामान, हवेचा पंप आणि भरपूर पाणी जवळ ठेवावे. एकट्याने न जाता दोघा-तिघांनी जावे, पण महामार्गावर एकामागे एक चालावे. पहिल्या तासात उत्साहाच्या भरात वेग वाढवू नये. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे ध्यानात असू द्यावे. परतीसाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. सिरपूर घाईने पाहण्याचे ठिकाण नव्हे, आणि सायकलीवरून आलेल्या माणसाला घाई शोभतही नाही.